कडू मागनं येतं

सकाळी सहाला कल्लोळच्या वाळूत
मी टोप्या काढत हिंडते,
काल सांजचं मादी फुलांवर चढवलेल्या
कागदी टोप्या, सत्तावीस.
ज्या फुलाच्या बुडाला गोटीएवढं हिरवं पोट
ती मादी.
बाकीचे नुसते दादले, रत्नव्वा म्हणते,
आणि एका दादल्याच्या पाकळ्या मागं मुडपून
पिवळी भुकटी
हलक्या हातानं टेकवते.
मग देठाला दोरा.
लाल दोरा म्हणजे बाप कडू.

बाप आम्हाला उगारपाशी सापडला,
रुळाच्या खडीत.
कुणी पेरलेला नाही, पाणी पाजलेला नाही,
शेरडांनी हुंगून सोडलेला,
लिंबाहून थोरला, पट्ट्यापट्ट्यांचा.
मी म्हटलं, कडू वृंदावन.
रत्नव्वा म्हणाली, हावमेक्के.
दोघींनी एकाच फळाला हात घातला.
त्याचं बी धुतलं त्या दिवशी
रात्रीची भाकरीसुद्धा कडू लागली,
नखांतून कडू गेलं नाही.

शिवलीला मॅडम म्हणाल्या, नोंद करा.
पाकीट एकशेबारा.
गोळा करणार: त्रिशला मगदूम.
गाव, तालुका, जिल्हा, राज्य.
पेन जरा थांबलं.
मी लिहिलं, रुळाच्या डाव्या अंगाला, खडीत.
मॅडमनी वाचलं, खोडलं नाही.

बाकीची पाकिटं घरोघर मागून आणलेली.
सदलग्याच्या आदगोंडांनी मडक्यातनं काढून दिलं
तांबड्या बियांचं, राखेत घोळलेलं.
मांजरीचं जाडसालीचं,
बैलगाडीतनं मिरजेपर्यंत जायचं, फुटायचं नाही.
एक पांढऱ्या गराचं,
त्याची नुसती भाजी करायची
आणि ते कुणाचं होतं
हे सांगणारी म्हातारी आता बोलत नाही.

वाळूत आता एकच फळ:
लांबुळकं, काळपट, आत भडक लाल,
हजार वेल आणि तोंडवळा एक.
परवाच्या साली मर आली
तेव्हा सकाळी बरी होती,
दुपारी सगळ्यांनी मिळून माना टाकल्या.
बांधावरचा खडीवाला तेवढा
जणू काही झालंच नाही असा.

म्हणून हे लग्न.

पहिल्या पिढीत कडूच जिंकतं.
फळ कापलं, गर फिका,
मुकादमानं एक तुकडा तोंडात टाकला
आणि नदीपर्यंत पळाला.
मॅडम हसल्या. मला वाटलं, वर्ष गेलं.
पुन्हा गोड आईशी गाठ घातली,
त्या लेकरांची पुन्हा आईशी.
चार उन्हाळे. चव बघायचं काम माझं:
एक तुकडा, एक चूळ, एक आकडा,
एकशेचाळीस फळं,
घरी गेल्यावर चहात साखर किती
कळायचं नाही.

यंदा मरीच्या वाफ्यात
अठ्ठ्याहत्तर वेल वाळले.
एक उरला.
त्याचं फळ मी विळ्यानं फोडलं.
लाल. गार. गोड,
चांगलंच गोड,
आणि गिळून झाल्यावर
पार मागं, पडजिभेपाशी
कुणी चिमटी सोडल्यासारखं काहीतरी.

गोड लिहू का कडू, मॅडमनी विचारलं.
रत्नव्वानं माझ्या हातातला उरलेला तुकडा
खाऊन बघितला, डोळे मिटून,
कन्नडात काहीतरी पुटपुटली,
मग मराठीत म्हणाली, येतंय. मागनं येतंय.

तेच लिहिलं.
बिया तळहातावर थुंकल्या, मोजल्या,
काही काळ्या, काही तांबूस,
दोन अगदी खडीच्या रंगाच्या.
त्या दोन मी वेगळ्या पाकिटात घातल्या
आणि राज्याचा रकाना
पुढच्या उन्हाळ्यावर ठेवला.