सातवी रांग

दिब्ब्याच्या धक्क्यावर खल्फान विचारतो,
चार दिवस. किती बुड्या लिहू?
मी म्हणतो, दहा. पैसे मोजलेत.
मृण्मयी म्हणते, चार,
आणि दुपारची झोप.

सहा झाल्या.

पाचवीत एक कासव
चघळता चघळता माझ्याकडे बघत राहिलं,
जेवणाच्या सुट्टीत कारकून बघतो तसं.
सहावीत कानात कळ. वर आलो
तर ही गलबताच्या सावलीत
तोंड उघडं टाकून झोपलेली,
भुवयांवर मीठ.

उद्या रात्री विमान. रक्तातला वायू निघेपर्यंत
कोरडं राहायचं, असा नियम.
खल्फान वहीतल्या सातव्या रांगेवर
रेघ ओढायला जातो.
असू दे, म्हणतो मी, रिकामी.

मग खजूर खात
धक्क्यावर पाय सोडून बसलो दोघं,
पाण्याच्या वीतभर वर.