उरलेली थंडी

पानेवेझिसच्या उत्तरेला एकोणीस गावं,
तिथल्या माजावर आलेल्या गायी माझ्या वाटणीला.
गाडीत नायट्रोजनची टाकी, टाकीत नळ्या,
नळ्यांत बैल.
त्यांतले काही मरून नऊ वर्षं झाली,
अजून बाप होताहेत.

शुक्रवारी नळ्या घरच्या मोठ्या टाकीत ठेवल्या
की लहानीच्या तळाशी जे उरतं
ते वायदोतास नेतो. थर्मासातून.
"झाकण घट्ट लावू नकोस!" मी ओरडते.
"माहितेय, मावशी."
बदल्यात त्याच्या आईच्या खारवलेल्या काकड्यांची बरणी.

इतकी थंडी हा पोरगा करतो काय,
म्हणून एकदा गेले मागोमाग.

गॅरेज. बीटाच्या रिकाम्या पोत्यांवर
उघडाबोडका संगणक, ना पेटी ना पाठ.
बोर्डाला व्हॅसलीन चोपडलेलं,
मी भेगाळलेल्या सडांना लावते तसं.
मध्ये ती चिप. बंद पडलेल्या पोस्टातली,
भंगारातून किलोच्या भावानं आणलेली.
म्हणजे माझ्या आईचं पेन्शन हिनंच मोजलं असणार,
सावकाश, सेंट न् सेंट,
खिडकीमागची ओनाबाई चष्मा पुसेपर्यंत.

चिपवर तांब्याचं पेल्याएवढं भांडं.
त्यात तो ओतत गेला.
पांढरा लोट काठावरून उतरून
त्याच्या बुटांवर बसला.

उणे शंभरच्या खाली ती अडली.
पडदा काळा.
त्यानं आईचा हेअर ड्रायर घेतला
आणि भांड्याला ऊब दिली, जरा, अगदी जराशी.
"फार गारठली की हिला जागच येत नाही."
यावर मी काय बोलणार?
नळी कोमट पाण्यात सोडते तेव्हा
मीही ओठांतल्या ओठांत मोजते,
पस्तीस अंश, चाळीस सेकंद,
एक कमी नाही, एक जास्त नाही.

मग जागी झाली.
कारखान्यानं नेमून दिलेली चाल तीन पॉइंट दोन.
चार. पाच. तो व्होल्टेज वाढवत होता,
हट्टी जनावराला चुचकारावं तसा
तोंडानं काहीबाही पुटपुटत. सहा.
सहा पॉइंट नऊ.
सात पॉइंट एक चार!

चार सेकंद.
तेवढ्यात त्यानं पडदा टिपून घेतला
आणि सगळं जागच्या जागी थिजलं.

"या चार सेकंदांत तिनं काय काम केलं?"
"काम? काही नाही. स्वतःलाच मोजलं."
"आणि तू कितवा?"
"जगात बेचाळिसावा," म्हणाला,
जुळ्या कालवडी झालेल्या गवळ्यासारखा.
एकेचाळिसावा कुणी सुराबायाचा,
अकरा मेगाहर्ट्झनं पुढे.
त्याच्या गावात म्हणे कधी बर्फच पडत नाही.

बरणी घेऊन बाहेर आले. उणे एकोणीस.
दारात, कुंपणावर, नाकपुड्यांत,
फुकटची इतकी थंडी,
आणि ती त्याला पुरत नाही.

पुढच्या शुक्रवारी आला तो गप्प.
सुराबायावाल्याला गाठायला गेला होता,
व्होल्टेज थोडं जास्त झालं.
ना धूर, ना आवाज. गेली.
मेलेली चिप मी मागून घेतली.
गाडीत आहे, पावत्यांच्या खणात.
आईला सांगितलेलं नाही.

"आता?" मी विचारलं.
"दुसरी मिळालीय. बंद झालेल्या शाळेतली."
मग थोडा खुलून,
"शाळेतल्या जास्त पळतात."

मी थर्मास भरून दिला.
त्या दिवशी ओरडायचं राहूनच गेलं.
फाटकापाशी पोचल्यावर तो वळून म्हणाला,
"माहितेय, मावशी."