दोन इकडून, दोन तिकडून

माझ्या नावाची पाटी नाही.
बोरखेडीच्या थांब्यावर उतरा, विचारा,
जागेवाला घोडमारे कुठे राहतो,
पानठेलेवाला चुन्याचं बोट वर करून
तुम्हाला नीट माझ्या दारी पाठवतो.
त्या बोटाचे मी त्याला महिन्याला पन्नास देतो.

बाप बैलांचा दलाल.
दुपट्ट्याखाली गिऱ्हाइकाची बोटं धरायचा,
एक बोट हजार, अर्धं दुमडलं की पाचशे,
आणि वर तोंडानं पोरीबाळींची ख्यालीखुशाली.
माझ्याकडे दुपट्टा नाही, मोबाईल आहे.
त्यात सातबारे. कोणाच्या नावावर काय.
कोणाच्या मनात काय,
ते मोबाईलमध्ये मावत नाही.

आता ही पांदणीलगतची वीस आर जागा.
मालक शेषराव डवले आणि उकंडा डवले,
सख्खे, एकाच ओसरीत, मधोमध तुऱ्हाट्यांचा कूड,
अकरा वर्षं बोलणं नाही.
घेणारी दवाखान्यातली नर्सबाई, मानवटकर,
रिटायर व्हायला दोन वर्षं.
तिला क्वार्टर सोडून एक दार हवं होतं
आतून कडी लावायचं, आपल्या नावाचं.

पहिल्याच दिवशी तिनं विचारलं,
दलाली किती, आणि कशाची?
दोन टक्के, मी म्हटलं.
दोन इकडून, दोन तिकडून.
'कशाची' मी ऐकलंच नाही असं केलं,
चहा सांगितला.
चहाचे पैसे तिनं दिले.

कूड जिथं संपतो त्या पायरीवर मी बसायचो.
"त्याले म्हणा, विहीर म्या खंदली."
मी मान वळवायचो, भाऊ म्हणतात, विहीर…
"आयकलं म्या. त्याले म्हणा, माती कोनं फेकली?"
मध्ये अंतर दोन हातांचं,
तरी प्रत्येक शब्द मलाच उचलून न्यावा लागे.
नेता नेता मी थोडा सांडायचो,
शिव्या सांडायचो, मेलेल्या मायचं नाव सांडायचो,
पलीकडे पोचेपर्यंत उरायचा नुसता भाव.
मोजणीवाला जमीन मोजतो.
किती सांडायचं, हे माझं माप.

नऊ फेऱ्या झाल्या.
एका फेरीला बाई आली बीपीचं यंत्र घेऊन,
दोन्ही खाटांवर दोन्ही दंड बांधले,
म्हणाली, दोघांचं सारखंच वाढलंय.
हे मी कोणाला पोचवलं नाही.

सहा लाख दहा हजार. इसार एकावन्न.

रजिस्ट्रीच्या दिवशी लिंक नव्हती.
दीड वाजेपर्यंत बाकावर, एक भाऊ, मी, एक भाऊ.
मग लिंक आली, आणि उकंडाचा अंगठा
मशीन काही घेईना.
पुसला, फुंकला, पुन्हा टेकवला. लाल.
बाबू म्हणाला, उद्या या.
तेव्हा शेषराव, भिंतीवरच्या फळ्याकडे बघत,
"कपायाले घास. तेल लागते."

सवयीनं मी तोंड उघडलं होतं.
तेवढ्यात उकंडानं कपाळाला अंगठा घासला,
टेकवला.
हिरवा.
बाबू म्हणाला, पुढचा.

बाहेर निंबाखाली हिशोब.
उकंडानं एकसष्टशे दिले, दोनदा मोजून.
शेषरावचे दोनशे कमी.
मी बघितलं त्याच्याकडे.
"एक गोठ तं म्याच सांगतली ना," म्हणाला,
"तिचे कापले."
यावर बाप काय म्हणाला असता कोण जाणे.
मी नोटा खिशात घातल्या.

नर्सबाईनं बारा हजार दोनशे पाकिटातून काढले,
आणि हात पुढे केला. पावती.
एकवीस वर्षांत कोणी मागितली नव्हती.
स्टँपवाल्याकडून कोरं बुक आणलं,
तारीख लिहिली, आकडा लिहिला, अक्षरी लिहिला.
'बाबत' छापलं होतं, पुढे टिंब टिंब टिंब.
बाई स्कूटीला टेकून उभी, घाई नसल्यासारखी.
टिंबांवर पेन ठेवून मी बराच वेळ होतो.
मग लिहिलं, ने-आण.

तिनं वाचलं. घडी घातली,
पर्समध्ये थर्मामीटरच्या नळीला गुंडाळून ठेवली.