पोटाचं आहे

भावकीत कुणी विचारलं तर सांगायचं, पोटाचं आहे.
शालननं दवाखान्याच्या जिन्यातच ठरवलं.
खरी जागा डॉक्टर मगदूमांनी कागदावर काढून दाखवलेली,
मोठ्या आतड्याचं शेवटचं वळण,
बसायच्या जागेपासून चार बोटं वर.
दीड वर्षं आम्ही तिला मूळव्याध म्हणत होतो.
सुरण, ताक, शाहूपुरीतल्या वैद्याच्या पुड्या.

काचा मुंबईला गेल्या. सतरा दिवस लागले.
"लिम्फोमा," डॉक्टर म्हणाले. "या जागी दुर्मिळ."
उद्यमनगरात एकोणतीस वर्षं लेथ चालवतोय,
दुर्मिळ म्हणावं असं आमच्या घरात
आजवर काही निघालं नव्हतं.

गाठ चार पूर्णांक दोन सेंटीमीटर.
मी मनातल्या मनात व्हर्नियर लावला,
विचारलं, कापायची कधी?
"कापायचं नाही. ही रक्ताच्या भावकीतली,
औषधानं विरघळते.
सहा सायकली, एकवीस-एकवीस दिवसांनी."

शेजारची तानूबाई म्हणाली, सायकली कुणाला घेताय?

तांबडा रस्सा बंद, असं चिठ्ठीवर लिहिलंय,
आणि नर्स शिरेतनं तांबडंच सोडते,
सरबतासारखं, हळूहळू.
शालन नळीकडं बघत म्हणाली,
"मीठ कमी पडलंय ह्यात."
नर्सला हसू आवरेना.
मी खिडकीबाहेरचं बघत बसलो, बाहेर काही नव्हतं.

गोळ्यांचे पाच दिवस ती झोपत नाही.
रात्री दोनला डबे घासते, भडंग परतते,
माझ्या चपलांना तेल लावते.
सहाव्या दिवशी भिंतीकडं तोंड.
तिसऱ्या सायकलीनंतर बोटांची टोकं बधिर झाली,
सुई हाताला लागेना.
ब्लाउजचा हुक लावायला मी शिकलो.
एका थाउची चूक न चालणारा माणूस,
रोज सकाळी चार-चारदा चुकतोय.

सहाव्यानंतरच्या स्कॅनमध्ये काही दिसत नाही.
दिसत नाही म्हणजे नाही,
असं लेथवर मी कधी मानलं नाही.
तीन महिन्यांनी परत बोलावलंय.

काल बिंदू चौकात तानूबाईची सून भेटली.
वाळलेली. म्हणाली, "रक्त पडतंय वर्षभर.
मूळव्याधच असणार, सुरण खातोय की रोज."
शालननं पिशवी खाली ठेवली.
डोक्यावरचा रुमाल घसरला, तो तिनं सावरला नाही.
भर चौकात, भाजीवाल्यासमोर,
जागेचं नाव घेतलं, खणखणीत,
मग म्हणाली, "उद्या नऊला तयार राहा. मी येतो बरोबर."

मी समोरच्या केएमटीचा नंबर वाचत उभा,
पुन्हा पुन्हा, तोच.