सभासद अर्ज, पान दुसरं

पहिलं पान सोपं होतं.
नाव: पुष्पलता निनावे. वय: त्रेपन्न.
पत्ता: मानेवाडा रोड, पाण्याच्या टाकीमागे.
दुसऱ्या पानावर एक रकाना,
'तुमच्या मते शाश्वतता म्हणजे काय? तीन ओळींत लिहा.'
तिथे पेन थांबला.

चोवीस वर्षं मी राख मोजली.
वीज केंद्राच्या प्रयोगशाळेत, चिमटा, मूस, तराजू,
दर पाळीला तीन नमुने.
घरी येऊन केस धुतले की
मोरीत एक करडी रेघ उतरायची.
ती कुठल्याच तक्त्यात गेली नाही.

मग ऐच्छिक निवृत्ती, आणि मी 'सल्लागार' झाले.
म्हणजे एक पेनड्राइव्ह, एक स्कूटी,
हिंगण्याच्या एमआयडीसीत गेटावरची नोंदवही
आणि चौकीदाराचा प्रश्न,
"मॅडम, फायरवाल्या का पाण्यावाल्या?"
मी कधी हे लिहायची, कधी ते.
कँटीनमध्ये चाळीस कामगार, जेवणानंतरची वेळ,
मी सांगतेय गळक्या वाफेबद्दल
आणि मागच्या बाकावर एक जण
डोळे उघडे ठेवून झोपलेला.
परतताना बोलायला कुणी नाही.
डॉक्टरला डॉक्टर भेटतो, वकिलाला बार रूम असते,
मला सिग्नलवरची हिरवी जाळी होती,
मे महिन्यातली, नव्वद सेकंदांची सावली.

रकान्यात आधी लिहिलं, 'भावी पिढ्यांच्या गरजा...'
आणि खोडलं.
ते वाक्य माझं नव्हतं, चौथ्या स्लाइडचं होतं.
आई म्हणायची, "पुरवून पुरवून वापर वो."
एवढंच. माठातलं पाणी, रॉकेल, लुगडं.
पण आपल्या भाषेत पुरणं दोन तऱ्हेचं.
एक, सगळ्यांना मिळतं ते.
दुसरं, खड्डा खणून वर माती लोटतात ते.
मी दोन्ही पाहिलंय. दुसरं जास्त.
तळ्यात सोडलेली राख, राखेखाली पायवाट,
पायवाटेकडेची बोरीची झाडं, त्यांची नावं ठाऊक असलेली पोरं
आता पन्नाशीची.
तीन ओळींत हे बसेना.
रकाना तसाच ठेवून दोन हजार भरले, पावती घेतली.

पहिली बैठक धरमपेठेत, दुसऱ्या मजल्यावर.
बाहेर पंचेचाळीस, आत एसी अठरावर,
आणि आम्ही एकतीस जण, ऊर्जा वाचवायला शिकवणारे,
ओढण्या-रुमाल खांद्यावर ओढून गप्प.
रिमोट अध्यक्षांपुढे.
शेवटी गफूरभाई उठले, कामठीचे,
कूलरच्या कारखान्यांत पाण्याचा हिशेब शिकवतात,
"वाळ्याच्या ताट्यांतला माणूस हाय मी बाप्पा, थंडी वाजून राह्यली,"
म्हणत त्यांनी आकडा सव्वीसवर नेला.
हसू फुटलं, आणि मग जो तो खरं बोलायला लागला.

चंद्रपूरच्या लांजेवारांचा अहवाल
मालकानं हलत्या टेबलाच्या पायाखाली घातला होता.
अमरावतीच्या मुलीचं बिल पाच महिने अडलेलं.
तिनं मला विचारलं, "तुमचं काय अडलं?"
"एक रकाना."
तिला कळलं नाही. समोसा मोडून अर्धा पुढे केला.

मागे बॅनरवर 'शाश्वतता' ऐवजी
'शाश्वती' छापून आलेलं.
जी त्या खोलीत कुणालाच नव्हती.
फोटोत ते अक्षर माझ्या डोक्याआड गेलं,
बरं झालं.

सकाळी साडेसहाला फोन. गफूरभाई.
"निनावेबाई, बुटीबोरीत एक जण
बॉयलरच्या राखेच्या विटा पाडतो म्हणते.
मले त्यातलं काही समजत नाही.
तुमच्याकडं जुने आकडे असन ना?"

पलंगाखालची पेटी ओढली.
वरच्या वहीवर बोट फिरवलं, बोट करडं.
"असतील," मी म्हटलं.
"कोणत्या सालचे पाहिजेत?"