बसल्यावर बंद

मिस व्हर्लीनची गाडी तिसऱ्यांदा आली.
चार पोरं ढकलत होती, चाकं वाळूत रुतत होती,
ती मागून, नारळपावांची टोपली कमरेवर,
चेहरा असा, की बिघाड जणू मीच तिला विकला.

मूळची गोल्फची गाडी. गोल्फ इथे कुणी पाहिलेला नाही.
बेलीझच्या या चिंचोळ्या बेटावर तिच्यातून
गॅसचे सिलिंडर जातात, बर्फाच्या लाद्या,
एकदा एक नवरी, झालर चाकात अडकलेली.
आणि समुद्र बसायला जागा मागत नाही,
तो थेट तारेत शिरतो.
वरून काळी, धडधाकट;
सोलली की आत तांबं मोरचुदासारखं हिरवं.

पहिल्या खेपेला मी सोलेनॉइड बदलला.
दुसऱ्या खेपेला पेडलखालचा बारका स्विच.
चोर सोडून संन्याशाला फाशी, दोनदा.
ते दोन्ही संन्यासी बिस्किटांच्या डब्यात आहेत अजून.

आज पुन्हा पहिल्यापासून.
आठ-आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, हातात हात घालून उभ्या.
मीटर म्हणाला, पन्नास पॉइंट आठ.
टोकं घासली, नट आवळले, सीट खाली टाकली,
उभ्यानेच पेडल दाबलं:
टक्.
आणि निघाली की! कोळ्यांच्या धक्क्यापर्यंत, परत,
पाठीमागे कुत्रं भुंकत.
"चालते," मी म्हणालो.
"तुला चालते," ती म्हणाली.

मग मला ते विचारावं लागलं.
"मिस व्हर्लीन, जरा बसता का?"
"म्हणजे मी जड आहे?"
"म्हणजे मी खाली झोपतो, तुम्ही बसा.
चावी चालू असू द्या."

पुठ्ठ्यावर उताणा, टॉर्च दातांत,
मीटरची एक सुई ऋण टोकाला, दुसरी चावीच्या तारेवर.
बसा. शून्य.
उठा. पन्नास.
बसा. शून्य.
शाळेत मला हिनेच उठाबशा काढायला लावल्या होत्या,
पाढे चुकले म्हणून, सतराचे.
"अजून किती?" वरून आवाज आला.
"झालं. सापडली."

सीटच्या फळीची डावी बिजागरी.
तिच्याखाली चिरडलेली बारीक तांबडी तार,
सात धाग्यांतले सहा तुटलेले,
सातवा कधी घरी, कधी बाहेर.

"कधीपासून होतंय हे?"
"जानेवारीपासून."

जानेवारीत ऑर्विन शिकागोला गेला.
बहिणीच्या घराचं छप्पर, दोन महिन्यांचं काम.
आता ऑगस्ट चालू आहे.
बावीस वर्षं तो उजवीकडे बसला, पाय बाहेर सोडून,
दोघांच्या भाराने फळी सपाट राहायची,
तार आपल्या फटीत निवांत.
एकटीच्या भाराने ती डावीकडे कलते.
बोटभर. बोटभर पुरतं.

हे सगळं मला गाडीखालीच कळलं,
म्हणून वर यायला मी जरा वेळ लावला.
उगाच एक नट आवळला, आधीच आवळलेला.

"उजव्या बाजूला थोडं वजन ठेवत जा," मी म्हणालो.
"पिठाचं पोतं, काहीही."
तिने टोपलीवरचं फडकं सारखं केलं. ते सारखंच होतं.
"पीठ मागे जातं, एलिहिओ.
तू तार बदल."

बदलली. लांब वळसा घालून,
बिजागरीपासून हातभर दूर,
सायकलच्या जुन्या ट्यूबमधून ओवून.
आता एकट्याने बसा, दुकट्याने बसा,
फळी तिथवर पोचणार नाही.

ती बसली. डावीकडेच.
टक्, आणि गाडी रिव्हर्समध्ये चिरकत गल्लीत आली,
कोंबड्या पांगल्या.
मी हात पुसत म्हणालो, "आजचे पैसे राहू द्या."
"आजचे कोण देतंय?" ती म्हणाली.
"त्या आधीच्या दोन सामानांचे परत कर."

एकाचे दिले.
दुसऱ्याचे रोज सकाळी फिटतात:
ती गाडी थांबवून एक पाव दुकानात टाकते
आणि मोठ्याने आकडा मोजते.
काल सतरा झाले.