गंगावेशीतली उधारी

रात्री साडेनऊला गंगावेशीत
आकाराम म्हैस पिळत होता, गिऱ्हाइकासमोर, नेहमीसारखी,
तेवढ्यात विरोधी पक्ष आला.
तीन गाड्या, इस्त्रीची घडी न मोडलेले गमछे.
त्यातले दोन चेहरे मागल्या खेपेला
दुसऱ्या रंगात बघितलेले.

उमेदवार म्हणाला, त्यांनी काय केलं?
पुराची रेघ अजून तुमच्या भिंतीवर आहे.
खरं होतं.
पंचनाम्यात तुमच्या घराला घरच म्हटलेलं नाही.
तेही खरं.
आमचंच दुखणं तो आम्हाला
माइकवर वाचून दाखवत होता,
नाव आमचं, शिक्का त्याचा.

नसीमभाभी पुढं झाली,
हातात अर्धी शिवलेली चप्पल तशीच.
‘व्हय, पण तुमी काय करनार?’
त्यानं पीएकडं बघितलं.
पीएनं पत्रक दिलं.
आत तोच सवाल, मोठ्या टायपात:
त्यांनी काय केलं?

आकारामनं ग्लास भरला,
वर चार बोटं फेस.
‘थांबा सायेब, बसू दे खाली,
मग कळंल दूध किती.’
सायबांना कसबा बावड्याची सभा होती.
फेसच पिऊन गेले.

मी म्हणालो, मत कुणाला रं?
‘त्या दिवशी म्हशी धुवायच्यात लगा,’
म्हणाला, आणि वही काढली.
विरोधी पक्ष, एक ग्लास.
वरच्या ओळीत सरकार पक्षाचे सात,
मागल्या इलेक्शनपासनं तसेच,
शाई जरा फिकी झालेली.